सराव पाठ, चॉकलेटं आणि मोटिवेशन

आमच्याकडे बी.एड.ला इंग्रजी मेथड, म्हणजे इंग्रजी कशी शिकवायची हा विषय, घेतलेल्या पोरापोरींना मोटिवेशन शिकवायचं म्हटलं की पहिली अडचण हीच येते, त्यांना वाटतं हा टॉपिक आपल्याला येतो. पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, प्रस्तावना असते ना, तिथेच त्यांचं मोटिवेशन सुरू होतं आणि तिथेच संपतं. चित्र दाखवायचं, दोन-तीन प्रश्न विचारायचे, पोरांच्या तोंडून पाठाचं नाव काढून घ्यायचं, मग हेतूकथन, म्हणजे आज काय शिकणार ते सांगायचं, आणि पुढचा सगळा तास आपणच बोलायचं. परीक्षेत प्रश्न आला तर उत्तरही ठरलेलं, इंग्रजी ही जगाची भाषा आहे, कॉम्प्युटरची भाषा आहे, नोकरीची भाषा आहे, हे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवून द्यावे म्हणजे प्रेरणा निर्माण होते. वर्षानुवर्षं हेच लिहिलं जातंय आणि त्याला मार्कही मिळतात.

आता आमच्या खानदेशातलं चोपडा गाव घ्या, पारोळा घ्या, साक्री घ्या, कुठल्याही झेडपी शाळेतल्या सातवीच्या पोराला विचारा की इंग्रजी महत्त्वाची आहे का. तो लगेच हो म्हणणार. बाप रोज तेच सांगतो, मामा सांगतो, क्लासच्या बोर्डावर तेच लिहिलेलं असतं. महत्त्व त्याला पटलेलंच आहे हो, कधीचंच पटलंय. तरी तो वर्गात तोंड उघडत नाही, उभं केलं की खाली बघतो आणि फारच मागे लागलं तर हळूच म्हणतो, "मॅडम, माले येस नही," मला येत नाही. म्हणजे अडलंय ते दुसरीकडेच कुठेतरी, आणि ते कुठे अडलंय हे शोधायला छात्राध्यापकाला, म्हणजे शिक्षक होऊ घातलेल्या माझ्या विद्यार्थ्याला, शिकवणं हे माझं काम आहे असं मी मानते.

शोधाची सुरुवात मी त्यांच्यापासूनच करते. आपल्या राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. आज माझ्यासमोर बसलेली सगळी बॅच त्याच निर्णयानंतर शाळेत गेलेली, म्हणजे पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी, वर कॉलेजात इंग्रजी, आणि तरी पहिल्या आठवड्यात इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्या म्हटलं की निम्म्या वर्गाच्या घशाला कोरड पडते. मग मी सांगते, तुमचं आणि इंग्रजीचं आजवर कसं जमलं, कसं बिघडलं ते दोन-तीन पानं लिहून आणा, मराठीत लिहा नाहीतर अहिराणीत लिहा, मी लाल पेन लावणार नाही. हे लिखाण वाचताना मला दर वर्षी वाईट वाटतं आणि दर वर्षी नवीन काहीतरी कळतं. जवळजवळ प्रत्येकाच्या पानात एक प्रसंग असतो, कुणी मोठ्याने वाचताना अडखळलं आणि वर्ग हसला, कुणाला एकाच स्पेलिंगने पानभर शिक्षा दिली, कुणी उत्तर बरोबर दिलं पण उच्चारावरून त्याची नक्कल झाली आणि ती नक्कल दहावीपर्यंत त्याच्या मागे लागली. इंग्रजीचं महत्त्व मला कुणी सांगितलं नाही म्हणून मी मागे राहिलो, असं मात्र आजपर्यंत एकानेही लिहिलेलं नाही.

आणि उलट्या बाजूचंही असतं. फर्दापूरकडच्या एका पोराने लिहिलं होतं, अजिंठ्याच्या पायथ्याशी, जिल्हा बदलतो तिथे पण जळगावहून रस्ता फार लांबचा नाही, तर तिथे त्याचा लहानपणचा दोस्त पर्यटकांना रंगीत दगड-स्फटिक विकतो. दोस्ताने आठवीत शाळा सोडली. तो परदेशी माणसाशी इंग्रजीत भाव करतो, हसवतो, कुठून आलात विचारतो, आणि हा बारावी पास होऊन त्याच्या शेजारी गप्प उभा. आम्ही वर्गात ह्या एका परिच्छेदावर पूर्ण तास बोललो. दोस्ताकडे काय होतं जे वर्गात नव्हतं? बोलण्याचं कारण तिथल्या तिथे होतं, समोरच्याला कळलं की नाही ते लगेच कळत होतं, चुकलं तर वाक्य फिरवून परत बोलता येत होतं, आणि कुणी मार्क देत नव्हतं. पोरांनी हे चार मुद्दे स्वतः काढले, मी फक्त फळ्यावर लिहिले.

थिअरी मी त्याच्यानंतर आणते. सिलॅबसमध्ये गार्डनर आणि लॅम्बर्ट असतातच. ह्या दोघांनी कॅनडात, माँट्रियल शहरात, इंग्रजी बोलणाऱ्या आणि फ्रेंच शिकणाऱ्या हायस्कूलच्या मुलांचा अभ्यास केला, १९५९ साली तो छापून आला. त्यांनी भाषा शिकण्यामागची दोन कारणं वेगळी केली, एक म्हणजे त्या भाषेच्या लोकांत मिसळावंसं वाटणं, ज्याला इंटिग्रेटिव्ह म्हणतात, आणि दुसरं म्हणजे नोकरी, परीक्षा, फायदा, ज्याला इन्स्ट्रुमेंटल म्हणतात. मिसळायची इच्छा असलेल्यांची भाषा जास्त चांगली होते असं त्यांना तिथे दिसलं. आमची पोरं हे पाठ करतात आणि लिहितात की आपण विद्यार्थ्यांत इंटिग्रेटिव्ह मोटिवेशन निर्माण केले पाहिजे. मी विचारते, अरे पण मिसळायचं कुणात? माँट्रियलमध्ये गल्ली ओलांडली की फ्रेंच बोलणारा माणूस भेटतो. रावेर तालुक्यातल्या केळीच्या गावात इंग्रजी बोलणारा कोणता समाज आहे ज्यात आपल्या पोराने मिसळावं?

म्हणून मी त्यांना यास्मिन लुकमानी यांचा अभ्यास सांगते, १९७२ चा, आणि तो मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या शाळकरी मुलींचाच आहे. हे ऐकलं की वर्ग एकदम सरळ होऊन बसतो, कारण पुस्तकातल्या थिअरीत आपली माणसं पहिल्यांदा दिसतात. त्या मुलींना इंग्रजी लोकांसारखं व्हायचं नव्हतं, त्यांना स्वतःच्याच समाजात राहून पुढे जायचं होतं, आणि इंग्रजी त्यासाठी हवी होती. त्यांच्या बाबतीत इन्स्ट्रुमेंटल कारणाचा चांगल्या इंग्रजीशी जास्त संबंध दिसला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे नोकरीसाठी शिकणाऱ्याकडे थोडं खालच्या नजरेने बघायची सवय आहे, भाषेची गोडी हवी वगैरे. माझे निम्मे छात्राध्यापक टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि शिक्षक भरतीकडे डोळे लावूनच इंग्रजी मेथडला आलेत. शेती दोन-अडीच एकर, बहिणीचं लग्न डोक्यावर, त्यांचं ते कारण खरं आहे आणि मजबूत आहे. फक्त एवढंच की बावीस वर्षाच्या माणसाला जी नोकरी समोर दिसते ती सहावीच्या पोराला दिसत नाही. त्याला दहा वर्षांनंतरच्या नोकरीवर आजचा तास काढायला लावणं हे जमणारं काम नाही, त्याला आजच्या तासात काहीतरी मिळायला पाहिजे.

ह्या "काहीतरी मिळायला पाहिजे" वरून आमची गाडी चॉकलेटांवर येते. पाठ निरीक्षणाला मी येणार असले की त्या दिवशी छात्राध्यापकाच्या पिशवीत चॉकलेटचं पाकीट असतंच. बरोबर उत्तर, चॉकलेट. पोरं हात वर करून बाकावरून अर्धी उठतात, पाठ एकदम जिवंत दिसतो, आणि निरीक्षण वहीत शेरा पडतो की विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. पुढच्या आठवड्यात पाकीट नसतं, तर पहिल्याच प्रश्नाला वर्ग विचारतो, सर आज चॉकलेट नाही का? एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली हेच कॉलेजच्या पोरांवर करून पाहिलं होतं. सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं, ते पोरांना तसंच सोडवायला आवडत होतं. मग काहींना दर कोड्यामागे पैसे दिले, नंतर पैसे बंद केले, आणि मोकळ्या वेळात कोण त्या ठोकळ्यांना आपणहून हात लावतं ते बघितलं. पैसे मिळालेल्यांची ओढ कमी झाली. पण ह्याचा दुसरा भाग आमच्याकडे कुणी सांगत नाही, तो म्हणजे पैशांऐवजी ज्यांना तोंडी शाबासकी दिली त्यांची ओढ कमी झाली नाही.

आता सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठात, आपण प्रबलन कौशल्य, म्हणजे शाबासकी देऊन उत्तेजन देणं, शिकवतो. सहा मिनिटांच्या पाठात छात्राध्यापक गुड, व्हेरी गुड, एक्सलंट इतक्या वेळा म्हणतो की ते कुणाला आणि कशासाठी म्हटलं हे त्यालाही माहीत नसतं. मी सांगते, शाबासकीत माहिती असू दे. "काल तू फक्त एक शब्द बोलला होतास, आज पूर्ण वाक्य आलं," एवढं मराठीत म्हटलं तरी चालेल, त्या पोराला स्वतःबद्दल एक खरी गोष्ट कळते. गुड म्हटल्याने त्याला फक्त सरांचा मूड कळतो.

डेसी आणि त्यांचे जोडीदार रिचर्ड रायन यांनी पुढे तीन गरजा मांडल्या, माणसाला वाटलं पाहिजे की हे मी ठरवलंय, हे मला जमतंय, आणि इथल्या लोकांत मी आपला आहे. ह्या तिन्ही गोष्टी लेक्चर देऊन समजावता येतात, पण त्या अंगाला लागत नाहीत, त्यासाठी मी आता दर बॅचला एक वेगळा तास ठेवते आणि तोच मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो.

धडगावकडचा एक छात्राध्यापक होता, घरची बोली पावरी. त्याला मी सांगितलं, तू आज ह्या वर्गाला पावरी शिकव, मराठीचा एक शब्द वापरायचा नाही, आणि आपण जसं शाळेत इंग्रजी शिकवतो अगदी तसं शिकव. त्याने खूप मन लावून तयारी केली होती. पाणी मागणे, बसा-उठा, घरातल्या वस्तू, नाती. तो एक वाक्य बोलायचा, सगळ्यांनी मागून म्हणायचं, मग एकेकाला उभं करायचा. सुरुवातीला वर्गात हसणं-खिदळणं चाललं होतं, पाचेक मिनिटांनी सगळे शांत. जळगाव शहरातली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली एक मुलगी, जी एरवी सगळ्यात आधी हात वर करते, ती मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसली. एक जण उभा राहिला, चुकला, परत चुकला, तिसऱ्यांदा वर्ग हसला तसा तो "मला नाही येत" म्हणून बसला. दुसरा एक जण शेजाऱ्याच्या वहीतून देवनागरीत लिहून घेतलेलं वाचत होता, म्हणजे आपली पोरं इंग्रजी वाक्याखाली मराठी अक्षरांत उच्चार लिहितात, आणि आपण त्यावरून रागावतो, नेमकं तेच.

तास संपल्यावर मी विचारलं, आत्ता काय वाटलं ते सांगा. त्या मुलीने सांगितलं, मॅडम मला भाषा अवघड वाटली नाही, माझा नंबर कधी येईल ह्याचीच भीती वाटत होती, त्या भीतीत मला एक शब्द ऐकू आला नाही. मग तो धडगावचा पोरगा बोलला. आश्रमशाळेत गेलो तेव्हा मराठी पण मला अशीच होती, सर काय म्हणतात ते दोन वर्षं नीट कळत नव्हतं, आणि मराठी जरा येऊ लागली तोवर इंग्रजीचं पुस्तक हातात होतंच. वर्ग बराच वेळ काही बोलला नाही. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या पोराला आपण इंग्रजीत कच्चा म्हणतो तेव्हा तो तिसरी-चौथी भाषा चालवत असतो, घरी पावरी नाहीतर भिली, बाजारात अहिराणी किंवा गुजराती पण कानावर पडते, शाळेत मराठी, आणि त्याच्यावर इंग्रजी. ज्याने एवढ्या भाषा पोटापुरत्या शिकल्यात त्याला भाषा शिकता येत नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

त्या दिवसानंतर त्या बॅचच्या पाठांत फरक पडला, आणि तो कुठे पडला तर उभं करण्यात. आधी जोडीत बोलू द्या, मग चौघांत, मग ज्याला वाटेल त्याने वर्गासमोर. एवढा साधा बदल, पण तो त्यांच्या हातून आपणहून झाला.

भालोद, सावदा, फैजपूरकडची लेवा पोरं असोत की आमच्या पूर्ण पट्ट्यातली अहिराणी पोरं, ळ चा य होतो, शाळेला शाया म्हणतात, केळ्याला केयं म्हणतात. बाहेरून आलेला शिक्षक मराठीच्या तासालाच त्यावर हसतो. मग तेच पोर पुढच्या तासाला इंग्रजीत तोंड उघडेल का? बॉनी नॉर्टन या अभ्यासक बाईंनी कॅनडात आलेल्या परदेशी बायकांचा अभ्यास करून १९९५ साली एक फार कामाची गोष्ट मांडली, की माणसाला भाषा शिकायची मनापासून इच्छा असू शकते आणि तरीही ज्या ठिकाणी त्याला कमी लेखलं जातं तिथे तो बोलणार नाही. म्हणजे गप्प बसलेलं पोर मोटिवेशन नसलेलं आहे असं लगेच धरायचं नाही, आधी वर्ग तपासायचा. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, आसोद्याच्या माहेरवाशीण, शाळेची पायरी न चढलेल्या बाई, आणि ज्या बोलीत त्यांनी ओव्या रचल्या त्याच बोलीवर त्याच विद्यापीठाची पदवी घेऊन आलेला शिक्षक वर्गात हसत असेल तर मला ते सहन होत नाही. हे मी वर्गात जरा आवाज चढवूनच सांगते.

झोल्टान डॉर्न्येई यांनी २००५ साली मांडलेली कल्पनाही मी घेते, की भाषा शिकणाऱ्याच्या डोळ्यापुढे त्या भाषेत बोलणारा स्वतःचा एक फोटो असावा लागतो, उद्याचा मी. पोरांना मी विचारते, तुमच्या शाळेतल्या मुलांनी त्यांच्यासारखं दिसणारं, त्यांच्यासारखं राहणारं, शेतात जाणारं कोणी इंग्रजी बोलताना बघितलंय का? बहुतेक ठिकाणी नाही. टीव्हीवरचा माणूस त्यांना आपला वाटत नाही. मग उरता तुम्हीच. अमळनेरच्या खेड्यातून आलेली मॅडम, अहिराणीत गप्पा मारणारी, तीच इंग्रजीत चुकत-माकत पण न घाबरता बोलतेय, एखादा शब्द अडला तर "थांबा, बघूया" म्हणतेय, हे चित्र पोरांना दिसलं पाहिजे. त्यासाठी छात्राध्यापकाचं इंग्रजी फाडफाड असायची गरज नाही, पण त्याची भीती थोडी तरी कमी झालेली असावी लागते, म्हणून आमच्याकडे रोज सकाळी परिपाठानंतर थोडा वेळ फक्त इंग्रजी गप्पा असतात, विषय काहीही, काल घरी काय भाजी होती पासून एसटी का चुकली पर्यंत, आणि कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही हा एकच नियम.

माझा स्वतःचा विश्वास असा आहे की आवड लागली की जमतं हे जेवढं खरं आहे त्याच्यापेक्षा जमलं की आवड लागते हे वर्गात जास्त वेळा घडतं. रावेर तालुक्यातल्या एका शाळेत आमच्या एका छात्राध्यापकाने आठवीला एक पाठ घेतला, पुस्तक बाजूला ठेवून. पोरांना म्हणाला, केळीच्या कामात तुम्ही घरी जे इंग्रजी शब्द वापरता ते सांगा. त्याला वाटलं पाच-सहा येतील. ड्रिप, लॅटरल, व्हॉल्व्ह, टिश्यू, बंच, स्कर्टिंग बॅग, पॅकिंग, बॉक्स, कंटेनर, एक्स्पोर्ट, कोल्ड स्टोरेज, फळा भरला. मग त्याच शब्दांची छोटी वाक्यं, कोण काय करतं, कधी करतं, माल कुठे जातो, आखाती देशांत जाणारा कंटेनर कसा भरतात. मागे बसलेला एक पोरगा, बाप केळी कटाईच्या टोळीत, त्याने आपणहून विचारलं, सर फणीला काय म्हणतात? सरांना माहीत नव्हतं. दोघांनी मिळून मोबाईलवर शोधलं आणि त्या पोराने ते वर्गाला सांगितलं. मी मागे बसून निरीक्षण लिहीत होते. आमच्या निरीक्षण तक्त्यात फलक लेखन, आवाज, शैक्षणिक साधन ह्या सगळ्यासाठी रकाने आहेत, पण पोराने आपणहून प्रश्न विचारला ह्यासाठी रकाना नव्हता. आता मी तो हाताने आखते, आणखी दोन आखते, पोरांनी स्वतःचं असं वाक्य कितीदा बोललं, आणि त्यांना निवडायला काही मिळालं का, दोन प्रश्नांतला एक, दोन चित्रांतलं एक, काहीही.

दर वेळी प्रश्न येतोच, मॅडम, साठ पोरांचा वर्ग आहे, पोर्शन संपवायचाय, मुख्याध्यापक घटक चाचणीचं विचारतात, ह्यात हे कसं बसवायचं? प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. साठही पोरांचं एकाच तासात होणार नाही. तासाला चार पोरं धरा, त्या चौघांना आज काहीतरी जमेल असं बघा, उद्या दुसरे चार. जोडीतलं बोलणं पाच मिनिटांचं ठेवा, पोर्शन अडत नाही. घटक चाचणीत जे प्रश्न येणार आहेत त्यातलेच दोन पोरांना निवडू द्या.

आणि यंदा इंटर्नशिपला शाळेत गेल्यावर पहिले काही दिवस शक्यतो पाठ घेऊ नका असं मी सांगितलंय, शाळेशी तसं बोललेही आहे. मागच्या बाकावर बसा, इंग्रजीच्या तासाला अजिबात न बोलणारं एक पोर निवडा, आणि मधल्या सुट्टीत ते कशावर बोलतं, कुणाशी बोलतं, कोणत्या भाषेत बोलतं ते वहीत लिहा. क्रिकेट असेल, बैलजोडी असेल, मोबाईलवरचा गेम असेल, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे असतील. पहिल्या पाठाचं टाचण माझ्याकडे सहीला आणाल तेव्हा सोबत ती वहीपण आणा, मी आधी वही बघणार.